मुलीसाठी पिरियड पँटींचा मोठा सेट हप्त्यावर घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी १३ वर्षांची, पाळी सुरू होऊन आठ-नऊ महिने झालेत, अजून अनियमित आहे, आणि तुम्हाला ८ पिरियड पँटी (पाळीचं रक्त शोषणाऱ्या, धुऊन पुन्हा वापरायच्या) अधिक १ मेन्स्ट्रुअल कप (योनीत बसवून रक्त गोळा करायचा छोटा कप) असा सेट सहा बिनव्याजी हप्त्यांवर घ्यायचाय, कारण जाहिरात म्हणते एकदाच खर्च करा मग दहा वर्षं बघायला नको. किंमत तुम्ही हिशोबाला सोयीची पडेल अशी सांगितलीत ते बरं झालं, एका पाळीला सध्या पॅडवर जेवढे पैसे जातात त्याच्या २० पट, त्यात पँटींचे १६ आणि कपाचे ४. शिवाय ६ कापडी पॅडचा एक संच बघून ठेवलाय तो ३ पट.

माझं म्हणणं आधीच सांगते. धुऊन वापरायच्या वस्तूंकडे वळा, पण हा सेट घेऊ नका.

सगळ्यात आधी ते दहा वर्षांचं प्रकरण. दहा वर्षं टिकतो तो कप, मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा असेल आणि नीट सांभाळला तर. पँटीचं तसं नाहीये, इलॅस्टिक सैल होतं, आतले शोषणारे थर धुऊन धुऊन थकतात, साधारण दोन वर्षं धरा, फार जपलं तर थोडी जास्त. म्हणजे ४ पट किमतीच्या वस्तूचं आयुष्य जाहिरातीने २० पट किमतीच्या सेटला लावलंय.

आता हिशोब, आणि तो महिन्यांत न करता पाळ्यांत करू. कारण पहिल्या काही वर्षांत मुलींचं चक्र २१ पासून ४५ दिवसांपर्यंत कितीही असू शकतं आणि ते नॉर्मल आहे. २८ दिवसांचं चक्र असेल तर वर्षाला १३ पाळ्या, ४० दिवसांचं असेल तर जेमतेम ९. बचत पाळीमागे होते पण पँटी जुनी होते कॅलेंडरप्रमाणे, ती अंग वाढतंय म्हणून लहानही होते, हे लोक विसरतात.

दुसरं म्हणजे पॅडचा खर्च शून्यावर येत नाही. शाळेत, प्रवासात, परीक्षेच्या दिवशी, पाहुण्यांकडे मुक्कामाला गेली की मुलगी पॅडच मागणार, आणि मागू दे. समजा पँटींनी तीन चतुर्थांश पॅड वाचले, जे मला जरा जास्तच वाटतंय, तर १६ पट खर्च वसूल व्हायला साधारण २१ पाळ्या लागतात. २८ दिवसांच्या चक्रात ते होतात साधारण १९-२० महिने, म्हणजे दोन वर्षांत तीन-साडेतीन पाळ्यांचे पैसे सुटतील. ४० दिवसांच्या चक्रात त्याच २१ पाळ्यांना सव्वादोन वर्षं लागतात, तोवर पँटी बाद. आणि तेराव्या वर्षी घेतलेली साइज पंधराव्या वर्षी बसेल यावर मी तरी पैसे लावणार नाही.

कपाचं गणित एकदम उलटं आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवं. ४ पट खर्च, वर्षाला १० पाळ्या धरल्या आणि त्यातले निम्मेच पॅड वाचले तरी वर्षाला ५ पाळ्यांचे पैसे वाचतात, पहिल्याच वर्षात वसूल. पाच वर्षं वापरला तर २५ पाळ्यांचे. समजा मुलगी तो वापरेल याची शक्यता तीनात एकच आहे, तरी सरासरी काढली तर सौदा फायद्याचाच निघतो. लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये २०१९ साली ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात कपची सवय झालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जणींना तो पुढेही वापरायचा होता, आणि सवय व्हायला दोन ते पाच पाळ्या जातात असं दिसलं. मग मी आत्ता नको का म्हणतेय? कारण ही संधी कुठे पळून जात नाहीये. कप वर्षभराने घेतला तर फार फार तर ५ पाळ्यांची बचत हुकेल. पण शरीराची अजून नीट ओळखही न झालेल्या मुलीला आईने पैसे भरलेत म्हणून तो वापरायला लागला आणि ती बिचकली, तर पुढे चार-पाच वर्षं ती त्याचं नावही काढणार नाही, म्हणजे २५ ची बचत ५ साठी घालवली. तिने स्वतः विचारलं की त्याच आठवड्यात घ्या, किशोरवयीन मुलींसाठी छोटी साइज मिळते, ती घ्या. आणि कपने कौमार्य वगैरे जातं असं कोणी सांगितलं तर तो विषय तिथेच संपवा, त्याला काही अर्थ नाही.

कापडी पॅड दिसायला सगळ्यात साधे पण तुमच्या केसमध्ये हेच बरे वाटतात. ३ पट खर्च, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी घरी वापरले आणि निम्मे पॅड वाचले तर सहाव्या पाळीला वसूल, तिसरा हिस्साच वाचला तर नवव्या. साइजचा प्रश्न नाही, कुठल्याही नेहमीच्या पँटीवर बटण लावलं की झालं. तिला नाहीच आवडले तर नुकसान ३ पट, २० पट नाही.

फक्त इथे एक खर्च आहे जो तुमच्या मेसेजमध्ये कुठेच नाही, तो म्हणजे धुणं. कोण धुणार? तुम्ही असं गृहीत धरलंय की ती धुणार, आणि तिने असं गृहीत धरलं असेल की आई धुणार :) हे आधी बोलून घ्या, नाहीतर तिसऱ्या पाळीला संच कपाटाच्या तळाशी जातो आणि पॅडचं पाकीट परत येतं, मी सल्ला देते त्या घरांत पैसे वाया जायचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. आधी थंड पाण्यात भिजवायचं, गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याने कापडाची शोषण्याची ताकद कमी होते, म्हणजे आपण पैसे देऊन वस्तूचं आयुष्य कमी करतो. आणि वाळवायचं पूर्ण, उघड्यावर, शक्यतो उन्हात, लाजून दुसऱ्या कपड्याखाली झाकून नाही. पावसाळी हवेत एक नग वाळायला दोन दिवस लागू शकतात तेव्हा सहाचे तीनच हाताशी राहतात, ते धरून चाला.

पँटी घ्यावीशी वाटलीच तर एकच घ्या, रात्रीसाठी. घेताना पीएफएएस नावाची (पाणी-डाग रोखणारी, सहजासहजी नष्ट न होणारी) रसायनं वापरलेली नाहीत असं कंपनीने स्पष्ट लिहिलंय का बघा. थिंक्स या पिरियड पँटी बनवणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये याच आरोपांवरच्या खटल्यात तडजोड केली होती, आरोप मान्य केले नव्हते तो भाग वेगळा, पण तेव्हापासून बऱ्याच कंपन्या हे लिहून देतात. जी लिहीत नाही तिच्याकडून कॉम्बो स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नये.

हप्त्यांबद्दल एवढंच, बिनव्याजी म्हणतात तेव्हा प्रोसेसिंग फी किती आणि एकरकमी दिले तर डिस्काउंट किती हे दोन आकडे विचारा, त्यांची बेरीज म्हणजेच व्याज. आणि ज्या वस्तूचा वापर होईल की नाही हेच माहीत नाही तिचे सहा महिने हप्ते भरणं मला पटत नाही. मोबाइल निदान वापरला तरी जातो.

एक गोष्ट पैशांच्या बाहेरची. दर एक-दोन तासांनी पॅड भरत असेल किंवा पाळी सात दिवसांच्या पुढे जात असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, खरेदीचं नंतर बघू.

तर आत्ता कापडी पॅडचा संच रोखीने घ्या आणि दर पाळीला पॅडसाठी जे पैसे तुम्ही काढता ते यापुढे मुलीच्या हातात द्या, वाचतील ते तिचे. पॅड हवे तर पॅड घेईल, साठवून कप घ्यायचा तर कप घेईल. सेटची ऑर्डर टाकून ठेवली असेल तर ती रद्द करायची मुदत कधी संपते ते आजच बघा, आणि पहिला हप्ता गेला असेल तर कळवा, मग परतीच्या अटी बघून पुढचं सांगते.