एम्ब्लेम: प्रतीक नव्हे, जडाव

प्रश्न आला आहे की, सतराव्या शतकातल्या डच एम्ब्लेम-बुकांमधल्या (म्हणजे चित्र, त्यासोबत एक बोधवाक्य आणि थोडं विवेचन अशा जोडीच्या पुस्तकांमधल्या) कोरीव चित्रांना 'प्रतीकात्मक चित्रे' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. 'प्रतीकात्मक' हा शब्द वर्तमानपत्रांनी पार गुळगुळीत करून टाकलाय. घरफोडीच्या बातमीशेजारी भलत्याच कुलपाचा फोटो आणि खाली 'प्रतीकात्मक छायाचित्र'! म्हणजे काय, तर खरा फोटो मिळाला नाही. 'बोधचिन्ह' संमेलनवाल्यांनी कधीच पळवलं.

मूळ शब्द बघा. ग्रीक 'एम्ब्लेमा' म्हणजे आत बसवलेली वस्तू, जडाव. रोमन लोक चांदीच्या भांड्यावर बसवलेल्या उठावाच्या नक्षीला हेच म्हणत. सिसिलीचा सुभेदार व्हेरेस लोकांच्या भांड्यांवरची ही नक्षी उचकटून घ्यायचा आणि कारागिरांकडून सोन्याच्या पेल्यांवर बसवून घ्यायचा. इ.स.पू. ७० मध्ये रोमन वक्ता सिसेरोने त्याच्यावर खटला चालवला, तेव्हाच्या भाषणांत हे सगळं आलंय. एम्ब्लेमची याहून झकास व्याख्या मला तरी सापडलेली नाही: एका कोंदणातून काढा, दुसऱ्यात बसवा.

डच कवी याकोब काट्सने १६१८ सालच्या आपल्या एम्ब्लेम-बुकात दुसरं काय केलं? पिंजऱ्यातला पोपट तोच, पण त्याला एकदा प्रेमाचं कोंदण, एकदा लोकव्यवहाराचं, एकदा धर्माचं. मग 'पोपट म्हणजे अमुक' अशा याद्या काय कामाच्या? दुसरा डच कवी रूमर फिस्सर, त्याच्या १६१४च्या एम्ब्लेम-बुकात ट्यूलिपची फुलं आहेत. नुसती पाहिलीत तर बागकामाचं पुस्तक वाटेल. सोबतची ओळ वाचा: 'मूर्ख आणि त्याचा पैसा यांची ताटातूट व्हायला वेळ लागत नाही.' आता फुलांऐवजी ट्यूलिपच्या कंदांवर पैसा उधळणारा माणूस दिसू लागतो.

डच कला-इतिहासकार एडी डे यॉंग यांनी १९६७मध्ये याच पुस्तकांच्या किल्ल्यांनी डच रंगचित्रं उघडायला घेतली. एका घराची किल्ली शेजारच्या दाराला लावायची ही शुद्ध व्हेरेसगिरी! उलट १९८३मध्ये अमेरिकन कला-इतिहासकार स्वेतलाना आल्पर्स म्हणाल्या की डच चित्रं मुळात वर्णन करतात, दडलेला अर्थ कशाला शोधता? बाईंनी भांडं ठेवलं, जडाव फेकून दिला.

फिस्सरने पुस्तकाला नाव दिलं 'सिनेपॉपन'. सिनेमाशी संबंध नाही. 'सिन' म्हणजे अर्थ, 'पॉप' म्हणजे बाहुली. अर्थाच्या बाहुल्या!

हां, मराठी शब्द राहिलाच. 'जडावचित्र' म्हणा. 'अर्थबाहुली' म्हणालात तर माझी हरकत नाही, संपादकांची असेल.