कैद्याचा अर्ज हाती आला की

आपण विचारले आहे की, कायद्याचा दाखला देणाऱ्या कैद्याला तुरुंगातले जुने कर्मचारी ‘वकीलसाहेब’ म्हणून हिणवतात, तेव्हा नव्या कर्मचाऱ्याने काय करावे. कैद्याला हक्क मिळाला म्हणजे आपला अधिकार तेवढा घटला, असा हिशेब त्या हिणवण्यामागे असतो. सुरुवातीची काही वर्षे मीही तोच हिशेब मांडत होतो. पण ज्याला तक्रार लेखी मांडता येते, त्याचा राग बराकीत फुटण्याची शक्यता कमी असते, हे मला फार उशिरा उमगले.

कैद्यांना कसे वागवावे याविषयी संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत एकूण 122 नियम आहेत. ते सगळे आत्ताच वाचण्याच्या फंदात पडू नका. तूर्त दोन गोष्टी पक्क्या करा:

१. वकिलाची भेट चालू असताना आपण नजर ठेवू शकतो, मात्र संभाषण ऐकू येईल इतक्या जवळ थांबायचे नाही.
२. अर्ज घेतला की लगेच नोंद करा आणि तो पुढे पाठवा. तो खरा की खोटा, हे ठरवणे आपले काम नाही.

नवख्यांकडून सर्वाधिक होणारी चूक म्हणजे हक्काची गोष्ट चांगल्या वर्तनाचे बक्षीस म्हणून देणे आणि मर्जी फिरली की काढून घेणे. दुसरी चूक उलट्या टोकाची: कैद्याला खटल्याविषयी स्वतःच सल्ला देणे. एकांतवासाचे नियम गुंतागुंतीचे आहेत, त्यांविषयी सहा महिन्यांनी विचारा.