रत्नागिरीत सेकंड हँड टू-सीटर स्पोर्ट्स कार घेतली. एअरबॅगचा दिवा विझतच नाही. कुठून सुरुवात करू?

आधी गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड वाचा. स्वस्तातला ओबीडी रीडर (गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचायचं यंत्र) बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड दाखवतो. एसआरएस, म्हणजे एअरबॅग यंत्रणेचे कोड वाचणारा स्कॅनर लागेल. कोड नुसता पुसू नका, दोष तसाच असेल तर दिवा परत लागतो.

पहिला संशय सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरवर. सीट पुढेमागे करून तो ढिला होतो, आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पिनांवर हिरवट गंज चढतो. विद्युत रोध थोडा वाढला तरी एअरबॅगचं मॉड्यूल (तिचा कंट्रोल कॉम्प्युटर) दोष नोंदवतं. इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, किमान 10 मिनिटं थांबा (मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा). मग कनेक्टर सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकवा, खट्‌ आवाज येईपर्यंत बसवा. कनेक्टर सुटलेला असताना बॅटरी जोडून इग्निशन लावू नका, नवे कोड पडतात. एअरबॅगच्या वायरींना मल्टीमीटर तर मुळीच लावू नका. बॅग फुटू शकते.

हॉर्न किंवा स्टीअरिंगवरची बटणंही बंद असतील तर क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टीअरिंगपर्यंत वायर नेणारी गुंडाळी) तुटलेली असण्याची शक्यता जास्त. ती बदलायचीच, जोडाजोड नको.

कोड क्रॅश डेटाचा (मॉड्यूलने अपघात नोंदवल्याचा) निघाला तर गाडीचा अपघाताचा इतिहास तपासा.