सड्यावर चित्रं सापडतात, मग हाडं का नाहीत?

प्रश्न: ताई, आमचं गाव राजापूर तालुक्यात. घराच्या वरच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, आता शनिवार-रविवार बघायला गाड्या येतात. मे महिन्यात मुंबईहून भाचा आलेला, तो म्हणतो आफ्रिकेत तीस-पस्तीस लाख वर्षांपूर्वीचे पुरावे सापडलेत. मग आमच्याकडे एवढी चित्रं, पण जुन्या माणसाचं एक हाड कसं नाही? आणि हाडावर काय तारीख लिहिलेली असते का, हे लाखांचे आकडे आणतात कुठून? आणखी एक, माणूस माकडापासून झाला तर आमच्या कलमांवर नाचतात ती माकडं अजून माकडंच कशी?
– एक वाचक, राजापूर

उत्तर: हाडाचं आधी सांगते, कारण दोष तुमच्या जांभ्याचा आहे. पावसाने खडकातलं धुऊन जाण्यासारखं सगळं गेलं की मागे लोह नि ॲल्युमिनियम उरतं, तो जांभा, आणि त्याच्यावरची माती आम्लधर्मी. हाडात मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, ते अशा मातीत हळूहळू विरघळून जातं, वर दरवर्षी तीनेक हजार मिलिमीटर पाऊस आहेच. दगड तेवढा टिकतो, म्हणून चित्रं राहिली. आणि ती काढणारी माणसं काही लाखो वर्षांपूर्वीची नव्हेत हां, कशेळीच्या त्या भल्यामोठ्या हत्तीच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत, ते कोरणारा अगदी तुमच्याआमच्यासारखाच माणूस. त्याच्या आधीचा माणूस बघायचा तर नर्मदेकाठी जावं लागतं, 1982 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना हथनोऱ्याला कवटीचा वरचा भाग मिळाला.

आता तारीख. खूप जणांना वाटतं कार्बन डेटिंगने सगळं कळतं, पण ते साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतच चालतं. त्याच्या मागे गेलं की बहुतेक वेळा हाडाचं नाही, हाड ज्या थरात सापडलं त्याच्या वरच्या-खालच्या ज्वालामुखीच्या राखेचं वय काढतात. राखेतल्या खनिजांत पोटॅशियम असतं, त्यातला थोडा किरणोत्सारी, त्यातल्या काहीचा अगदी संथपणे आर्गॉन वायू होत राहतो. खडक वितळलेला असतो तेव्हा आर्गॉन निसटून जातो, म्हणजे घड्याळ शून्यावर. थंड झाल्यावर जो आर्गॉन अडकत जातो तो मोजायचा, कारण ते किरणोत्सारी पोटॅशियम अर्धं सरायला 125 कोटी वर्षं लागतात हे माहीत आहे.

यात मला सगळ्यात आवडतं ते टांझानियातलं लाएटोली. ज्वालामुखीची बारीक राख पडली, वर हलका पाऊस झाला, थेंबांचे खळगेसुद्धा तिच्यात उमटलेत, आणि त्या ओल्या राखेवरून दोन पायांवर कोणीतरी चालत गेलं. मग राख कडक झाली, वर आणखी थर बसले. 1978 मध्ये पुरामानवशास्त्रज्ञ मेरी लीकी यांच्या टीमने ते ठसे उघडे केले, सुमारे 27 मीटर लांबीची रांग, वय 36 लाख वर्षांच्या वर. टाच खोल रुतलेली, अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत, चिंपांझीसारखा बाजूला फाकलेला नाही. मेंदू तेव्हा चिंपांझीपेक्षा फारसा मोठा नव्हता, हे त्याच जातीच्या मानल्या जाणाऱ्या कवट्यांवरून कळतं. म्हणजे आधी चालणं आलं, डोकं नंतर वाढलं! 1974 मध्ये इथिओपियात मिळालेली ल्युसी, म्हणजे त्याच जातीचा 32 लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा, तिचे गुडघे नि कंबर बघूनही तेच दिसतं.

माकडांचं म्हणाल तर ही भावकी आहे हो. चुलत घराणं अजून गावात नांदतंय म्हणून आपला मूळपुरुष एक नव्हता असं कोणी म्हणत नाही. तुमच्या कलमांवरच्या माकडांची आणि आपली वाट अडीच कोटी वर्षांच्याही आधी वेगळी झाली, चिंपांझीची साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. आणि याला नुसती हाडं साक्षीला नाहीत. चिंपांझीत गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांच्या, 24 जोड्या, आपल्यात 23, मग एक गेली कुठे? आपलं दोन नंबरचं गुणसूत्र उघडून बघितलं तर एरवी सहसा गुणसूत्राच्या टोकाला असणारा डीएनए तिथे मधोमध सापडतो, कारण पूर्वीची दोन गुणसूत्रं त्या जागी टोकाला टोक लागून जोडली गेलीयत.