पोट कमी झालं की मग नाचेन

‘‘मॅडम, बेली डान्सनं पोट उतरतं का? आणि उतरेपर्यंत त्या मोठ्या आरशासमोर उभं कसं राहायचं?’’

बँकेत नोकरी करणाऱ्या, एक्केचाळीस वर्षांच्या, दोन सिझेरियन झालेल्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत हे विचारलं. समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी जणींच्या मनात हे दोन प्रश्न असेच जोडीनं असतात. म्हणून त्यांची हकिकत त्यांच्या संमतीनं, ओळखीच्या खुणा बदलून इथे देत आहोत.

निमित्त झालं लग्नातल्या एका फोटोचं. मागच्या रांगेत त्या पर्स पोटापुढे धरून, पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून उभ्या होत्या. कुणी काही बोललं नव्हतं, तरी फोटो त्यांनी त्याच रात्री काढून टाकला. हळूहळू बाकीचं कळत गेलं. धाकट्याच्या जन्मापासून सात वर्षं त्या कपाटाच्या आरशात फक्त गळ्यापर्यंत बघत होत्या. पोहणं सुटलं होतं, मुलांबरोबर फोटो नव्हते, जिम दोनदा लावून दोनदा सोडलेली. आणि सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोट आत ओढून धरलेलं. बहिणीनं बेली डान्सचा क्लास सुचवला तेव्हा त्यांना तो मनापासून आवडला होता, आणि आवडला याचीच लाज वाटली होती.

पोट उतरण्याबद्दलचं उत्तर आम्ही पहिल्याच दिवशी सरळ देऊन टाकतो, कारण खोट्या आशेवर लावलेला क्लास सहाव्या आठवड्यात सुटतो. पोट हलवल्यानं पोटाचीच चरबी जाते असं होत नाही. चरबी सगळ्या अंगातून वापरली जाते आणि कुठली आधी जाणार हे आपल्या हातात नसतं. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाऊण तासाचे दोन क्लास म्हणजे ९० मिनिटं झाली, आणि सुरुवातीला त्यातला बराच वेळ संथ हालचालींत जातो. म्हणून जोडीला तीन दिवस अर्धा तास झपझप चालणं ठेवलं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. शिवाय दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस आणि पाठीवर झोपून कंबर उचलणं, दोन्ही दहा-दहा वेळा, दोन फेऱ्या.

मग क्लास कशाला हवा? कारण पोट आत ओढून धरून हा नाच करताच येत नाही. या बाईंसाठी आम्हाला त्याचं मोल तिथेच दिसलं.

सतत आत ओढलेल्या पोटामुळे श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, खांदे वर जातात, मान आणि कंबर भरून येते. कमरेची हालचाल शिकवताना शिक्षिका आधी ते पोट सोडायला लावतात, आणि नेमकी तिथेच अशा बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. पाय मुडपून पाठीवर झोपायचं, एक हात छातीवर, एक बेंबीखाली, आणि खालचा हात वर उचलला जाईल असा श्वास घ्यायचा, रोज पाच मिनिटं. क्लासच्या आधीचे दोन आठवडे त्यांना आम्ही एवढंच दिलं होतं. सोपं वाटतं, पण पहिले चार दिवस त्यांना ते जमलं नाही.

त्याच दोन आठवड्यांत तपासण्या उरकल्या. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींचे पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकलेले राहतात, कधी कधी वर्षानुवर्षं. पाय मुडपून झोपायचं, डोकं आणि खांदे थोडे उचलायचे आणि बेंबीच्या वर, बेंबीवर आणि खाली मधल्या रेषेत बोटं आडवी ठेवून पाहायचं. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागली, किंवा मध्ये तंबूसारखा उंचवटा आला, तर आधी फिजिओथेरपिस्ट आणि मग नाच. यांची फट दोन बोटांच्या आतच निघाली. पण शिंकताना लघवीचे थेंब गळतात हे त्यांनी फार संकोचानं सांगितलं. बाळंतपणानंतर हे पुष्कळ जणींना होतं आणि पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या, नेमक्या व्यायामानं बहुधा सुधारतं. लाजून पॅड लावून वर्षं काढायची गरज नसते. हर्निया, मणक्यातली सरकलेली चकती, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल, तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय क्लास लावू नये.

घरात मात्र अडलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘बारमधला नाच आपल्या घरात नको.’’ राज्यात २००५ साली डान्स बारवर बंदी आली तेव्हाच्या चर्चेनं हा शब्द घरोघर पोचलेला आहे, त्यामुळे त्यांचा धसका समजण्यासारखा होता. नवऱ्याला विरोध नव्हता, पण बाजू घ्यायचीही नव्हती. आम्ही त्यांना वाद घालायला सांगितलं नाही, माहिती द्यायला सांगितली. ‘बेली डान्स’ हे नाव पाश्चात्त्यांनी दिलेलं. अरबीत त्याला ‘रक्स शर्की’ म्हणतात, पूर्वेकडचा नाच. इजिप्तमध्ये त्याचं घरगुती रूप ‘बलदी’, म्हणजे आपल्या मातीतलं. लग्नाकार्यात बायका-बायका जमल्या की कमरेला ओढणी बांधून त्या असं नाचतात, जसे आपल्याकडे मंगळागौरीला पिंगा आणि फुगडी. चमचमत्या दोन तुकड्यांचा पोशाख मुख्यतः विसाव्या शतकातल्या कैरोच्या रंगमंचावर रूढ झाला, तिथे बदिया मसाबनी या नर्तकीनं १९२६ मध्ये नाचगाण्याचं प्रसिद्ध ठिकाण उघडलं होतं. आणि नाचणाऱ्या बाईकडे बोट दाखवणं तिथेही होतंच. १८३४ मध्ये इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली याच्या राजवटीनं व्यवसाय करणाऱ्या नर्तकींना कैरोबाहेर घालवलं. लावणीच्या वाट्याला काय काय आलं हे ठाऊक असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. सासूबाईंना मंगळागौरीचा दाखला पटला की नाही कुणास ठाऊक, पण ‘अंगभर कपडे घालून जाते’ एवढ्यावर त्या गप्प झाल्या.

कपडे खरोखर साधेच लागतात: लेगिंग, अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट आणि एक ओढणी. ओढणी कमरेला नाही, खाली नितंबांच्या हाडांवर बांधायची, म्हणजे हालचाल दिसते. नाण्यांचा पट्टा महिनाभरानं घ्यावा. तो नुसता शोभेचा नसतो, लय चुकली की नाण्यांचा आवाज तुटक येतो, आणि आरशात न बघताही चूक कळते. नाच शक्यतो लाकडी फरशीवर, अनवाणी. संगमरवर किंवा टाइल असेल तर मऊ तळाचे नाचाचे बूट घालावेत, नाहीतर टाच दुखते. योगाच्या चटईवर गिरकी घेऊ नये, तळवा चिकटून राहतो आणि पीळ गुडघ्याला बसतो.

आता हालचालींबद्दल सविस्तर, कारण आत्मविश्वास परत येतो तो इथूनच. पावलं नितंबांच्या रुंदीइतकी दूर, एकमेकांना समांतर. गुडघे सैल. माकडहाड जमिनीकडे सोडलेलं, छाती किंचित वर, खांदे खाली. गुडघे ताठ केले की कमरेला हलायला जागा उरत नाही, मग मागची कमान वाढते आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. ‘बेली डान्सनं कंबर गेली’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणींचं दुखणं या ताठ गुडघ्यांत असतं.

पहिले दोन आठवडे एवढंच: कंबर डावीकडे-उजवीकडे सरकवणं, छाती स्थिर ठेवून. मग ‘हिप ड्रॉप’. भार डाव्या पायावर, उजवं पाऊल जरा पुढे, टाच उचललेली, चवडा टेकलेला. उजवा गुडघा सरळ केला की उजवी बाजू वर जाते, वाकवला की खाली पडते. काम गुडघा करतो, कंबर त्याच्या मागून येते. नवशिक्या बायका बरगडी आणि कंबर आवळून हीच हालचाल करायला जातात, आणि कुशीत पेटका येतो. बरोबर जमतंय का हे बघायला आरशावर डोक्याच्या उंचीला टिकली लावावी. डोकं वर-खाली झालं तर सगळं अंगच उड्या मारतंय.

ताल समजून घ्यावा. नेहमी कानावर पडणारा मकसूम असा चालतो: दुम तक ऽ तक, दुम ऽ तक ऽ (‘दुम’ घुमणारा ठोका, ‘तक’ टणक, ‘ऽ’ रिकामी मात्रा). आठ मात्रा, त्यामुळे केरव्याला सरावलेल्या मराठी कानाला तो परका वाटत नाही. इजिप्तमध्ये हा ताल ज्या पेल्याच्या आकाराच्या वाद्यावर वाजतो त्याला तिथे ‘तबला’च म्हणतात. ‘दुम’वर कंबर खाली, ‘तक’वर वर, असं आधी बोलून मग करावं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कमरेनं आडवा इंग्रजी आठ काढायचा, एक बाजू पुढे नेऊन बाहेरून मागे, मग दुसरी. पोटाची लाट सगळ्यात शेवटी शिकावी. व्हिडिओ बघून तिच्यापासूनच सुरुवात केली की श्वास कोंडून पोटावर जोर दिला जातो, आणि फाकलेल्या स्नायूंना तेच नको असतं.

पाचव्या आठवड्यात ‘शिमी’ आली आणि गाडी थांबली. शिमी म्हणजे दोन्ही गुडघे आळीपाळीनं जरा जरा, दोन-तीन सेंटिमीटर, मागे-पुढे. आधी एका ठेक्याला एक, मग दोन, मग चार. त्यातून कंबर, मांड्या, पोट सगळं थरथरतं. स्नायू आवळले की थरथर थांबते. म्हणजे जे मांस हलताना दिसू नये म्हणून त्यांनी सात वर्षं जिवाचा आटापिटा केला, तेच सैल सोडून हलू द्यायचं. शिक्षिका ‘सैल, सैल’ म्हणत राहिल्या आणि या बाई मांड्या आवळून उभ्या. त्यात कुणीतरी वर्गाचा व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यांनी तो पाहिला आणि दोन आठवडे क्लासला गेल्याच नाहीत.

‘‘सगळ्यांचं लक्ष माझ्याच पोटाकडे होतं,’’ त्या म्हणाल्या. व्हिडिओत अकरा जणी होत्या. बाकी दहांपैकी कुणाचं पोट कसं होतं, हे त्यांना आठवेना. इतरांनाही त्यांचं तितकंच आठवत असणार, हे त्यांच्या तोंडून यायला पाऊण तास लागला. आम्ही ते आधी बोललो नाही, कारण हे दुसऱ्यानं सांगून उपयोग होत नाही.

मग भीतीची शिडी आखली. प्रत्येक पायरीला शून्य ते दहा भीतीचे गुण. बंद खोलीत, आरशाशिवाय, दहा मिनिटं शिमी: दोन. आरसा, पण टी-शर्ट सैल: चार. पूर्ण आरसा, अंगाबरोबर टी-शर्ट: सहा. वर्गात मागची रांग: सहा. बहिणीसमोर एक गाणं: सात. वर्गात दुसरी रांग: आठ. वर्गाच्या शेवटच्या गोलात मध्ये जाणं: दहा. एक पायरी तीन-चार वेळा करायची, गुण निम्म्यावर आले की पुढची. घाबरून मध्येच निघून आलं तर भीती वाढते, म्हणून पायरी लहान ठेवायची, पण पुरी करायची. वर्गात व्हिडिओ काढायचा असेल तर आधी विचारायचं, हे त्यांनी शिक्षिकांना स्वतः सांगितलं. आमच्या मते सगळ्या शिडीत ती पायरी सर्वांत मोठी होती, आणि ती आम्ही आखलेलीसुद्धा नव्हती.

आरशासमोरचं कामही ठरवून दिलं. केसांपासून पावलांपर्यंत, वरून खाली, पाच मिनिटं मोठ्यानं वर्णन करायचं, फक्त दिसतं ते. ‘घाणेरडं’, ‘लोंबतं’ असे शब्द नकोत. ‘बेंबीखाली आडवा व्रण आहे, बोटभर लांब, त्याच्या वर एक वळी आहे.’ पोटावर आलं की थांबायचं नाही आणि घाईही करायची नाही. स्वतःचा तीस सेकंदांचा व्हिडिओ काढला तर तो दुसऱ्या दिवशी पाहायचा, आणि हालचालीबद्दलच तीन वाक्यं लिहायची. त्यांच्या वहीतलं एक वाक्य असं होतं: ‘उजवी बाजू तालावर पडते, डावी उशिरा.’ वर्षानुवर्षं ज्या शरीराला ‘जाड’ एवढाच शब्द होता, त्याच्याबद्दल लिहिलेलं हे पहिलं उपयोगी वाक्य.

हा मार्ग सगळ्यांना लागू नाही. जेवण टाळणं, खाऊन ओकारी काढणं, दिवसातून अनेकदा वजन करणं असं चालू असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर क्लासच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ. आणि घरातलं माणूस रोज शरीरावरून टोमणे मारत असेल, तर त्याला ‘आत्मविश्वास कमी’ हे नाव देऊ नये. तिथे बदलायचं ते बाईनं नव्हे.

पंधराव्या आठवड्यात कंबरेचं माप तीन सेंटिमीटरनं उतरलं होतं, वजन सव्वा किलोनं. फार नाही, आणि तेही चालण्यामुळे की नाचामुळे ते वेगळं काढता येत नाही. शिंकतानाचा त्रास बराच कमी झाला. शिडीवरची शेवटची पायरी अजून बाकी आहे, गोलात मध्ये जायला त्या तयार नाहीत, आणि आम्ही घाई करत नाही. परवा मात्र त्या वेगळीच तक्रार घेऊन आल्या. चार ठेक्यांच्या शिमीत डावा गुडघा मागे राहतो, नाण्यांचा आवाज तुटतो. रोज पाच मिनिटं फक्त डाव्या पायानं, संथ लयीत करून बघा, असं शिक्षिकांनी सांगितलंय, आणि त्यासाठी स्वयंपाकघरात, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ त्यांनी ठरवून टाकला आहे.