इंग्रजांना घालवण्यापलीकडे क्रांतिकारकांनी पुढच्या पिढ्यांसाठी काही उभे केले का?

होय, आणि याचे सर्वांत ठोस उदाहरण म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1943 ते 1946 या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात चाललेले प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजी राजवटीला समांतर असे लोकांचे सरकार. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भागही त्या वेळी साताऱ्यातच होता.

प्रतिसरकार म्हटले की 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ लुटलेली रेल्वे आणि कुंडलची तुफान सेना हे प्रतिसरकारचे सशस्त्र दल एवढेच बहुतेकांना आठवते, पण माझ्या मते त्याहून मोठे काम गावच्या न्यायदान मंडळांनी केले, कारण वर्षानुवर्षे कोर्टात खितपत पडणारे जमिनीचे आणि सावकारीचे तंटे तिथे गावासमोर मिटवले जात. गांधी विवाह ही प्रथाही तितकीच दूरदृष्टीची होती. मानपान, हुंडा आणि जेवणावळी यांना फाटा देऊन थोडक्या खर्चात लग्न लागे, त्यामुळे एका लग्नापायी शेत गहाण टाकून मुलाबाळांच्या माथी कर्ज ठेवण्याची वेळ बापावर येत नसे, आणि ज्याने सावकाराचा तगादा पाहिला आहे त्याला हे स्वातंत्र्य किती मोलाचे होते ते वेगळे सांगावे लागणार नाही. दारूबंदी आणि वाचनालये हीही त्याच कार्यक्रमाची अंगे होती.

स्वातंत्र्यानंतरही हे काम थांबले नाही. याच लढ्यातले नागनाथअण्णा नायकवडी यांनी वाळव्यात सहकारी साखर कारखाना उभारून त्याला 1945 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या किसन अहीर या सहकाऱ्याचे नाव दिले आणि उतारवयात आटपाडीसह दुष्काळी तालुक्यांच्या हक्काच्या पाण्यासाठी ते शेतकऱ्यांबरोबर पुन्हा रस्त्यावर उतरले.