पहिल्या इंटरव्ह्यूआधी एवढंच कर

रत्नागिरीत बसून पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीपुढे कसा निभाव लागणार, ही धास्ती आधी सोड. दहा प्रोजेक्ट दाखवू नकोस; दोनच, पण खोलात. दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं अ‍ॅप केलंयस ना? मग जेटीवर उभं राहून काय दिसलं तिथून सुरुवात कर: उन्हात स्क्रीन वाचता येत नव्हती, म्हणून अक्षरं मोठी नि गडद केली. देखणे स्क्रीनशॉट नंतर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- प्रश्न पुरता न ऐकता उत्तर देतात. वापरणारा कोण, हे आधी विचार.
- कोड लिहिताना गप्प बसतात. विचार बोलत बोलत लिही. माझी पहिली नोकरी या गप्प बसण्यानेच हुकली.
- सगळीकडे ‘आम्ही केलं’. त्यात तुझं काय, ते सांग.

पावसात लाइट जाते. लॅपटॉप, हॉटस्पॉटचा फोन आदल्या रात्रीच चार्ज कर. सिस्टिम डिझाइन, म्हणजे मोठी सिस्टिम कशी उभारायची याची तयारी, सध्या राहू दे.